मोऱ्यांचा माळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या दुपारी माळावर मी हाक ऐकली होती. माझ्याच नावाची, आक्काच्या आवाजात, तीनदा. आई गेली, अण्णा गेले, माझं लग्न झालं, मुलं हाताशी आली, आणि बायकोलासुद्धा एवढंच माहीत आहे की थोरल्या वन्सं माहेरी राहतात, कारण त्यांना 'माळावरचं' झालं होतं. तिनं कधी खोदून विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, याची मला खात्री नाही, म्हणून एका परीनं तिच्या न विचारण्याबद्दल मी आभारी आहे. पण लिहायला बसलो आहे तर इथून पुढं आडपडदा नको.

आमचं घर बेळगावच्या वडगावात, मागवाल्यांच्या गल्लीत. दाराशीच जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसलेले अण्णा, आणि सकाळपासून दिवे लागेपर्यंत मागावरच्या धोट्याची सुतातून ये-जा. गल्लीतल्या वीस घरांतून हाच आवाज यायचा, पण आक्का माजघरात बसून रहाटावर सुताच्या कांड्या भरता भरता सांगायची, "आता पल्याडच्या काकांचा तार तुटला बग." थोड्या वेळानं पलीकडून काकांची शिवी ऐकू यायची आणि आम्ही हसायचो. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई सदा आजारी, त्यामुळं मला न्हाऊ घालणं, शाळेत पोचवणं, तालमीतून आल्यावर अंगाची माती खरवडून काढणं हे सगळं तिच्याकडं. जोंधळ्याची भाकरी तव्यावरून काढली की मधोमध अंगठ्यानं खळगा करून त्यात शेंगदाण्याची चटणी आणि कच्चं तेल घालून ती माझ्यापुढं सरकवायची. तिचं लग्न होऊन ती गेली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमच्या घरात धोट्याखेरीज दुसराही आवाज होता, तो रहाटाचा, आणि आता तो नाही.

तिचं सासर निपाणीच्या बाजूला. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. आपल्यातलंच, मागवाल्यांचं घर, पण त्यांना दोन तुकडे शेतही होतं आणि त्यात ते तंबाखू लावायचे. दाजी, म्हणजे तिचा नवरा, सरळ मनाचा माणूस. मला 'पैलवान' म्हणायचा, आणि ते थट्टेनं नाही. लढाईचे दिवस होते. सूत मिळेना, गल्लीतले निम्मे माग गप्प पडले होते, आणि मोटारी पेट्रोलऐवजी पाठीवर कोळशाची भट्टी घेऊन धूर सोडत फिरत होत्या. अशात आक्काला सातवा महिना लागला. पहिलटकरणीला भावानं जाऊन माहेरी आणायचं, त्याला मुराळी म्हणतात. आईनं गोड कुंद्याची पुडी आणि एक खण बांधून दिला आणि मी निघालो. मी सतरा वर्षांचा होतो, आणि त्याच आठवड्यात आमच्या जत्रेत कुस्तीची माझी पहिली जोड लागली होती. त्याआधी मी नुसता आखाड्याच्या कडेला बसून बघायचो. यंदा हलगीवाला माझं नाव पुकारणार होता.

जायच्या दिवशी काही अडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आक्काच्या सासूबाई म्हणाल्या, "गाडी तंबाखू घिऊन गेलीया. परवा मोकळी हुईल. परवा जावा निवांत."

"न्हाई मावशी, आजच जायाला पायजे," मी म्हणालो. "आई वाट बघतीया."

आईचं नाव मी पुढं केलं. कुस्ती त्याच संध्याकाळी होती.

दाजी म्हणाला, "आगं, त्येची जोड हाय आज. जाऊ दे की. ओढ्याच्या वाटेनं सावली हाय, हळूहळू जातील." सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. "ओढ्यानंच जायाचं. माळावरनं पोटुशी बाई नेत न्हाईत. ध्यानात ऱ्हाईल न्हवं?" मी "व्हय" म्हणालो. दह्यातली भाकरी त्यांनी फडक्यात बांधून दिली आणि आक्काच्या कपाळाला, मग माझ्याही, भंडारा लावला.

त्या गावापासून पक्क्या सडकेपर्यंत दोन वाटा होत्या. ओढ्याकडनं गेलं तर अडीच कोस, माळावरनं दीड. बेळगावची मोटार सडकेवर दोनच्या सुमाराला यायची, आणि ती चुकली की दुसऱ्या दिवशीपर्यंत काही नाही. आम्हाला निघायलाच उशीर झाला होता. आक्का चार पावलं टाकून थांबायची, कमरेवर हात ठेवून श्वास घ्यायची, पुन्हा चालायची. फाट्यावर आलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मी माळाकडं वळलो.

"ह्यो न्हवं फाटा, सदा," ती म्हणाली.

"अर्धी वाट वाचतीया, आक्का."

"सासूबाईस्नी काय सांगू?"

"सांगतंय कोन त्यास्नी?"

तिनं दोन्ही वाटांकडं बघितलं. मग म्हणाली, "कुस्ती बुडंल व्हय रं तुजी?" तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि माझ्याआधी तीच माळाकडं चालायला लागली. हे मी मुद्दाम लिहितो आहे. पुढं लोकांनी विचारलं की ती माळाकडं का वळली, तेव्हा त्याचं उत्तर एवढंच होतं.

त्या माळाला मोऱ्यांचा माळ म्हणत. चार उभ्या शिळा, वर एक आडवी, असली पन्नास-साठ घरं तिथं विखुरलेली होती, माणसाच्या कमरेइतकी उंच. काहींच्या वरच्या शिळा गेलेल्या, काहींचे नुसते खड्डे उरलेले. प्रत्येकाच्या पुढच्या शिळेत एक गोल भोक, डोकं जाईल एवढं, आणि सगळ्या भोकांची तोंडं उगवतीकडं. आता मला माहीत आहे की ती फार जुन्या काळच्या माणसांची थडगी आहेत. माझ्या मुलाच्या कॉलेजातले एक मास्तर तिथं जाऊन मोजमाप करून आले आणि आमच्या ओसरीवर बसून त्यांनी मला समजावून सांगितलं. मी चहा पीत सगळं ऐकून घेतलं. त्या वेळी आम्हाला माहीत होतं ते वेगळं. मोरे म्हणजे गुडघ्याएवढी माणसं. आगीचा पाऊस पडणार असं त्यांना कळलं, म्हणून त्यांनी ही दगडी घरं बांधली आणि आत जाऊन बसले. पाऊस थांबला की कुणीतरी नाव घेऊन बाहेर बोलावील, असं ठरलं होतं. बोलावणारं कुणी उरलंच नाही. ते अजून आत कान लावून बसलेत. माळावर कुणाचं नाव घेतलं की ते पाठ करतात, आणि मग त्या माणसाला त्याच्याच घरच्या आवाजात हाक मारतात. ओ दिली, की त्यानंच त्यांना बाहेर बोलावलं असं झालं. ते बाहेर येतात आणि ओ देणारा आत जातो. म्हणून माळावर हाक आली तर ओ द्यायची नाही आणि मागं वळायचं नाही.

म्हणून त्या भागातला कुणीही, हिंदू असो मुसलमान असो, मराठी बोलणारा असो की कानडी, माळाच्या कडेला चुन्यानं रंगवलेला एक धोंडा होता तिथं थांबून आपलं नाव ठेवून जायचा. म्हणजे सोबत्यांनी एकमेकांना उसनी नावं द्यायची, आणि माळ संपेपर्यंत त्याच नावांनी बोलायचं. कुणी तांब्या व्हायचा, कुणी परात. दाजी म्हणे एकदा आक्काच्या सासऱ्यांना 'रेडा' म्हणत पलीकडं घेऊन गेला होता आणि ते सबंध वाट हं हं करत होते.

"मी कांडी," धोंड्याशी थांबून आक्का म्हणाली. "तू धोटा."

"मी पैलवान हाय. धोटा कसला?"

"मग मुसळ हो. डोस्कंबी तसलंच हाय." ती हसली. "चल धोट्या, बिगी बिगी."

आत शिरल्यावर आमचं बोलणं कमी झालं. तिथं वारा नव्हता, तरी त्या भोकांजवळून गेलं की पोटरीला गार लागायचं, जसं मागाच्या खड्ड्यात पाय सोडल्यावर लागतं. सावल्या पायाखाली गोळा झाल्या होत्या. चंडोल पक्षी माळाच्या कडेपर्यंत ओरडत होते आणि मग बंद झाले, म्हणजे दार लावल्यावर आवाज बंद व्हावा तसे. पायाखाली खापराचे तुकडे यायचे, आतून काळे, बाहेरून तांबडे, गुळगुळीत. मला सारखं वाटायचं की पुढच्या घरांची भोकं माझ्याकडं बघत नाहीत, पण मी ओलांडून गेलो की मागची बघतात. हे शक्य नव्हतं, कारण आम्ही मावळतीकडं चाललो होतो आणि सगळी तोंडं समोरूनच दिसत होती. मागं राहिली की त्यांच्या नुसत्या पाठी. तरीही मला मागूनच बघितल्यासारखं वाटत होतं. आक्का मध्येच म्हणाली, "धोट्या, आत कुनीतरी भाकरी थापतंय गं बाई." मी कान दिला. थप थप असा आवाज खरंच होता. माझ्या कानशिलात रक्त वाजत असेल. तिच्याही वाजत असेल. पण दोघांच्या एकाच तालात कसं?

माळाच्या मध्यावर ती थांबली. चेहरा पांढरा पडला होता. "मी जरा टेकते. तू फुडं टेकावर जाऊन मोटारीचा धूर दिसतोय का बग. मी येते मागनं."

"लवकर ये."

"येते म्हनलं न्हवं? जा."

टेकावर चढलो आणि खरोखरच दूर सडकेवर कोळशाचा काळा धूर दिसला. पलीकडच्या उतारावरून सडक हाकेच्या अंतरावर होती. पळत जाऊन मोटार थांबवावी, तोवर ती येईल, असा हिशेब करून मी उतरायला लागलो. तेवढ्यात मागून हाक आली. "सदाऽ."

माळावर माझं नाव कुणीच घेतलं नव्हतं. पहिल्या हाकेला लहानपणापासून शिकवलं होतं तसा मी मान ताठ ठेवून चालत राहिलो. दुसरी हाक आली तेव्हा वाटलं, ही आक्काच आहे, हिला काहीतरी झालं आहे. तिसऱ्या हाकेला शंका उरली नाही. नावातला 'दा' ती जरा खाली ओढायची, तापात माझ्या उशाशी बसून हाक मारायची तेव्हा ओढायची तसा. तो आवाज मी दुसऱ्या कुणाचा म्हणून ओळखणं शक्य नव्हतं. आणि खात्री झाल्यावर मी पळायला लागलो, सडकेकडं. मोऱ्यांना भिऊन पळालो असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो. खरं असं की मागं वळलो तर मोटार जाईल, हे मला मोऱ्यांपेक्षा जास्त स्पष्ट दिसत होतं. वळायचं नाही हा नियम माझ्या हातात होता आणि मी तो वापरला.

मोटार थांबली. कोळसा ढोसायला ड्रायव्हरला तसंही थांबायचंच होतं. "लगू बर्री, लगू," तो कानडीत घाई करत होता. मी सांगितलं, बहीण मागनं येतीया. एकजण आतून ओरडला, "पैलवान, भैन कुठं सांडली रं?" सगळे हसले. मीही हसलो. भट्टी फुलली, ड्रायव्हर हात पुसून गाडीत बसला, टेकावर कुणी दिसेना. मग कंडक्टर माझ्याकडं नीट बघून म्हणाला, "चल, बघून येऊ." वाटेत एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन उभा होता, तोही आमच्याबरोबर आला.

वरची शिळा गेलेलं एक घर होतं, त्याच्या खड्ड्यात आक्का होती. पाय घसरला होता की चक्कर आली होती, कोण जाणे. पाय आत दुमडलेले, पाठ दगडाला टेकलेली, खालची माती ओली झालेली. डोळे उघडे होते आणि ते माझ्यावर लागलेले होते. तोंडात तिनं स्वतःचा पदर कोंबून घेतला होता, दोन्ही हातांनी दाबून धरला होता. कंडक्टरनं ओढायला बघितलं तर सोडेना. शेवटी सुटला तेव्हा लुगड्याला दातांची भोकं पडलेली होती. ती मान हलवून नको नको करत राहिली.

धनगर दोन पावलं मागं सरला. "ओ दिली आसंल बाईनं," तो म्हणाला.

"व्हय काय रं?" कंडक्टरनं मला विचारलं. "पोटुशी बाई हिकडं आलीच कशी?"

मी होकारार्थी मान हलवली. मग नुसत्या मान हलवण्यानं भागेना म्हणून बोललो, "आमी ओढ्याकडनंच चाललो हुतो. फाट्यावर कुनीतरी तिला हाक मारली. तिनं ओ दिली आनि हिकडं वळली. मी लई हाका मारल्या."

मोटारीतल्या लोकांनी मागची बैठक रिकामी केली, कुणी आपलं घोंगडं दिलं. घरी पोचलो आणि दिवे लागायच्या आत ती मोकळी झाली. मुलगा होता. तो रडला नाही. सुईण त्याला फडक्यात गुंडाळत होती तेव्हा जत्रेतली हलगी आमच्या घरात स्वच्छ ऐकू येत होती. माझं नाव पुकारलं की नाही ते मला कळलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी तिच्या सासरचे चार लोक आले. दाजी होता, त्याचे चुलते होते. ओसरीवर सतरंजी टाकली, आईनं पोहे केले, त्यांना कुणी हात लावला नाही. चुलते म्हणाले, "आमी वंगाळ बोलाया आलो न्हाई. पन मोऱ्यास्नी ओ दिलेली बाई आमच्या घरात कशी न्यायाची, ते तुमीच सांगा." अण्णा खाली मान घालून बसले होते. दाजी एकटा तिच्या बाजूनं बोलला. "सदा, तू हुतास. तू सांगशील त्ये मी मानीन. तिनं ओ दिली न्हाई म्हन, मी आत्ता तिला घिऊन जातो."

देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी मधे ठेवली होती. त्या पिवळ्या हळदीची चिमूट उचलून आमच्याकडं कुणी खोटं बोलत नाही. दारामागं आक्काच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे ती ऐकत होती. ओ दिली नाही म्हणालो तर पुढचा प्रश्न येणार होता: मग माळावर कशी गेली? मी भंडारा उचलला आणि म्हणालो, "दिली."

दाजीनं माझ्या हाताकडं बघितलं. मग उठला, चपला घातल्या आणि आत न डोकावता गेला. दुसऱ्या वर्षी त्यानं दुसरी केली.

आक्का रहाटावर बसली ती आजतागायत. यंत्रमाग आले, अण्णांचा खड्डा बुजवून मी त्यावर फरशी घातली, पण कांड्या भरायचं तिनं सोडलं नाही. तिला कुणी बारशाला बोलावत नसे, डोहाळजेवणाला बोलावत नसे. ती स्वतःच पाळण्यापासून लांब उभी राहायची. माझ्या मुलांना तिनं वाढवलं, पण त्यांना जन्मल्यापासून महिनाभर हात लावला नाही, कुणी सांगितलेलं नसताना.

गेल्या वर्षी माझ्या नातीचं बारसं झालं. पाहुणे गेल्यावर आम्ही दोघंच मागच्या पडवीत होतो. ती म्हणाली, "सदा, एक सांगू? त्या दिवशी मी तोंडात पदर का धरलावता, ठावं हाय?"

मी नाही म्हणालो.

"खड्ड्यात पडले आनि कळा सुरू झाल्या. दर कळंला तुजं नाव व्हटावर यायाचं. एकदा जरी सुटलं आसतं तर त्यास्नी कळलं आसतं. मंग तुला हाका मारल्या आसत्या त्येंनी, माज्या आवाजात. म्हनून कोंबला."

"म्हंजे तू हाक मारलीच न्हाईस?"

"एकदाबी न्हाई." ती हसली. तिच्या तोंडात आता चारच दात आहेत. "मारली आसती तर तू आला नसतास व्हय?"

"आलो आसतो," मी म्हणालो.

रहाट फिरवता फिरवता ती म्हणाली, "ओ मात्र मी कवा दिली, त्ये मला काय केल्या आटवत न्हाई. लई इचार केला इतकी वर्सं. फाट्यावर दिली म्हनलास न्हवं तू? दिलीच आसंल. भंडारा उचलून तू खोटं कशाला बोलशील? माज्याच तोंडानं माजं लेकरू गेलं." हे ती रडून बोलली नाही. कांडी भरली होती, ती काढून दुसरी लावली.

मला कुणी हाक मारली ते मी आजही सांगू शकत नाही. मास्तरांची थडगी मी मान्य करतो, आणि त्या तीन हाकाही मी ऐकल्या आहेत. पण ज्यानं कुणी मारल्या, ती आक्काच आहे असं समजून मी पाठ फिरवली. ते माझं मी केलं. त्यात मोऱ्यांचा हात नाही.

आक्का आज साठीला टेकली आहे. दाजी अजून हिंडताफिरता आहे असं कळतं. मला तिच्या शेजारी बसून सांगायचं आहे की तिनं कुणालाही ओ दिली नव्हती, फाट्यावर मी वळलो होतो. आणि नंतर तिच्या सासरच्या गावी जाऊन, चार माणसांत, दाजीसमोर हेच सांगायचं आहे. दोन्ही मी अजून केलेलं नाही.